मायची पिशवी लेकीला

गेल्या महिन्यातील गोष्ट. दुपारचे दोन वाजत आले होते आणि दवाखान्यातील गर्दी ओसरली होती. शेवटी राहिलेल्या दोघी मायलेकी आत आल्या. आई पंचेचाळिशीची, शेतात राबणारी. लेक बावीस-तेवीसची, मान खाली घातलेली. आईने पदराखालून एक मोठे पाकीट काढून टेबलावर ठेवले. वाशीमला काढलेल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट त्यात होता.

मुलीच्या लग्नाला दोन वर्षे झाली होती. तिला पाळी कधी आलीच नव्हती. "उशिरा येईल, काहींना येते उशिरा," असे म्हणत घरच्यांनी आधी काढे दिले, मग देवदेव केले, आणि तशातच लग्नही लावून दिले. आता सासरी दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू झाल्यावर तपासणी झाली होती. रिपोर्ट स्पष्ट होता. मुलीचे दोन्ही बीजकोश व्यवस्थित होते, पण गर्भाशय तयारच झाले नव्हते.

मी काही बोलण्याआधी आईच बोलली, "डॉक्टरसाहेब, पोरीले पिशवीच नाई म्हनतात. पुण्याले म्हने मायची पिशवी काढून लेकीले बसवली अन् तिले लेकरू झालं. माही पिशवी आता कोन्या कामाची हाय? माही काढा अन् इले बसवा."

मी तिला म्हटले, "मावशी, बसा. तुम्ही ऐकलं ते खरं आहे. पण ते नीट समजून घ्यावं लागेल."

त्या दोघींना जे समजावून सांगितले तेच आज वाचकांपुढे ठेवत आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटणार नाही याची काळजीही घेतली आहे.

पिशवी म्हणजे काय?

आपल्याकडे बायका गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात. शब्द सोपा आहे, पण त्यामुळे थोडा गैरसमजही होतो. पिशवी म्हटले की एक रिकामी थैली डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात गर्भाशय हा जाड स्नायूंचा, उलट्या ठेवलेल्या पेरूच्या आकाराचा अवयव आहे. एरवी तो मुठीत मावतो आणि नवव्या महिन्यात छातीच्या पिंजऱ्यापर्यंत पोचतो. त्याच्या आत एक अस्तर असते. ते दर महिन्याला वाढते आणि गर्भ राहिला नाही तर पाळीच्या रूपाने गळून जाते. दोन्ही बाजूंनी रक्तवाहिन्या येतात. गर्भारपणात त्यांतून वाहणारे रक्त अनेक पटींनी वाढते, कारण बाळाचे सारे पोषण त्यावरच चालते.

स्त्रीबीज तयार होते ते बीजकोशात. गर्भनलिकेत त्याचा पुरुषबीजाशी संयोग होतो आणि गर्भ वाढतो गर्भाशयात. या तिन्हींपैकी कोठेही अडचण आली तरी मूल होत नाही. म्हणून 'मूल होत नाही' हा एक आजार नसून त्याची कारणे अनेक आहेत.

साधारण साडेचार ते पाच हजार मुलींमागे एक मुलगी गर्भाशयाशिवाय किंवा अगदी अपुऱ्या गर्भाशयासह जन्माला येते. वैद्यकशास्त्रात याला रोकिटान्स्की सिंड्रोम म्हणतात. अशा मुलीची छाती, उंची, केस सारे इतर मुलींसारखेच वाढते, कारण बीजकोश आपले काम करीत असतात. फक्त पाळी येत नाही. योनिमार्गही बहुधा अपुरा असतो, त्यावर वेगळे उपचार आहेत. काही जणींना मूत्रपिंडही एकच असते. आई गरोदर असताना पोटातल्या बाळाचे अवयव घडतात, त्या वेळी ही घडण अपुरी राहते. यात मुलीचा दोष नाही, आईच्या खाण्यापिण्याचा नाही आणि ग्रहणाचाही नाही.

मुके जीव आणि एक प्रश्न

लेखाचा विषय मी शिरपुरातल्या एका स्नेह्यांच्या कानावर घातला. ते अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंची सेवा करतात. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "डॉक्टर, माणसात हे करण्याआधी किती मुके जीव गेले असतील?"

प्रश्न रास्त आहे. तो टाळून गर्भाशय-रोपणाची हकीकत सांगता येणार नाही, कारण ही सारी हकीकतच प्राण्यांपासून सुरू होते.

१९६६ साली अमेरिकेतील मिसिसिपी येथे डॉ. जेम्स हार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हेच हार्डी १९६३ साली माणसात पहिले फुफ्फुस-रोपण करणारे. त्यांनी कुत्रीचे गर्भाशय व बीजकोश शरीरातून पूर्ण वेगळे केले आणि रक्तवाहिन्या पुन्हा जोडून त्याच कुत्रीला परत बसवले. पुढे गर्भधारणाही झाली. रक्तवाहिन्या तोडून जोडल्या तरी गर्भाशय जगते आणि काम करते, ही पहिली गोष्ट कळली.

त्या काळी डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः गर्भनलिका बंद असलेल्या स्त्रिया होत्या. पण १९७८ साली इंग्लंडमध्ये पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी' जन्मली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कलकत्त्याला डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिले असे बाळ जन्मले. १९८६ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या चमूलाही यश आले. शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडता येऊ लागल्यावर बंद नलिकांसाठी एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेची गरज उरली नाही आणि गर्भाशय-रोपणाचे संशोधन मागे पडले.

मात्र एक गट तसाच राहिला. ज्यांना गर्भाशयच नाही, त्यांच्यासाठी तयार केलेला गर्भ ठेवायचा कोठे?

एका रुग्णाचा प्रश्न

१९९८ साली स्वीडनचे डॉ. मॅट्स ब्रेनस्ट्रॉम ऑस्ट्रेलियात काम करीत होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामुळे गर्भाशय काढावे लागलेल्या एका तरुण रुग्णाने त्यांना विचारले, दुसरीचे गर्भाशय मला बसवता येईल का? माझी आई देऊ शकेल का?

आमच्या दवाखान्यात त्या माउलीने विचारला तोच हा प्रश्न. डॉक्टर स्वीडनला परतले आणि गोथेनबर्ग विद्यापीठात त्यांनी काम सुरू केले. पहिले माणसाचे बाळ जन्मायला पुढे पंधराएक वर्षे लागली. ती वर्षे बहुतांशी प्राण्यांवरील कामात गेली.

जेद्दाहचा धडा

मध्यंतरी, ६ एप्रिल २००० रोजी, सौदी अरेबियातील जेद्दाह येथे डॉ. वफा फगीह यांनी एका २६ वर्षांच्या स्त्रीला ४६ वर्षांच्या स्त्रीचे गर्भाशय बसवले. त्या स्त्रीचे गर्भाशय प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावामुळे काढावे लागले होते. नव्या गर्भाशयातून पाळीसारखा स्रावही आला. पण ९९ दिवसांनी रक्तवाहिन्यांत गुठळी होऊन गर्भाशय काळे पडले व काढून टाकावे लागले. त्याला खालून-बाजूंनी पुरेसा आधार नसल्याने ते खाली सरकले होते.

रक्तवाहिन्या जोडणे ही निम्मीच लढाई आहे, एवढे या प्रयत्नातून कळले. गर्भाशय जागेवर स्थिर राहिले पाहिजे, रक्ताचा प्रवाह महिनोन्महिने टिकला पाहिजे, परका अवयव शरीराने स्वीकारला पाहिजे आणि एवढे सगळे साधल्यावर त्यात बाळ वाढले पाहिजे. यातल्या प्रत्येक गोष्टीचे उत्तर आधी मिळवायला हवे होते.

कोणत्या प्राण्याने कोणते उत्तर दिले?

पहिला प्रश्न असा की दुसऱ्याच्या शरीरातून आणलेल्या गर्भाशयात गर्भ वाढतो का? याचे उत्तर उंदराने दिले. उंदराच्या त्या रक्तवाहिन्या एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या जोडून उंदरीच्या पोटात तिच्या स्वतःच्या गर्भाशयाजवळच दुसरे गर्भाशय बसवले गेले. दोन्हींत गर्भ सोडले. २००२-०३ च्या सुमारास आलेल्या निष्कर्षांत बसवलेल्या गर्भाशयातही पिल्ले वाढल्याचे दिसले. काढलेले गर्भाशय थंड द्रावणात २४ तास ठेवून मग बसवले तरी गर्भधारणा झाली. हे उंदीर एकाच वाणाचे, जुळ्या भावंडांसारखे होते. त्यामुळे 'परका अवयव' हा प्रश्न तेथे उद्भवला नाही.

दुसरा प्रश्न नेमका तोच होता. परक्याचे गर्भाशय औषधे देऊन टिकवले, तर त्या औषधांत गर्भ राहील का आणि पिल्ले धड निपजतील का? हे उत्तर पांढऱ्या घुशीसारख्या मोठ्या उंदरांनी, म्हणजे प्रयोगशाळेतील 'रॅट'नी दिले. टॅक्रोलिमस हे औषध देऊन वेगळ्या वाणाच्या मादीचे गर्भाशय बसवले गेले, नर-मादीचा नैसर्गिक संयोग झाला आणि गर्भधारणा झाली. हा अहवाल २०१० चा.

तिसरा प्रश्न मापाचा होता. उंदराच्या पोटातले काम माणसाच्या ओटीपोटात जसेच्या तसे नेता येत नाही. मेंढीच्या ओटीपोटातील रक्तवाहिन्या जाडीने बाईच्या रक्तवाहिन्यांच्या जवळपास असतात. मेंढीचे गर्भाशय काढून तिलाच परत बसवून शिरा व रोहिण्या कशा जोडाव्यात, रक्ताविना अवयव किती वेळ तग धरतो, हे पाहिले गेले. अशा मेंढ्यांना पुढे सिझेरियनने कोकरे झाली. २०११ साली कोलंबियातील शास्त्रज्ञांनी एका मेंढीचे गर्भाशय दुसरीला बसवून जिवंत कोकरू जन्मल्याचे प्रसिद्ध केले.

चौथा प्रश्न शरीररचनेचा. उंदीर व मेंढीचे गर्भाशय दोन शिंगांसारखे फाटलेले असते, बाईचे एकसंध असते. बबून या माकडाची रचना आपल्या फार जवळची आणि मादीला पाळीही येते. त्यामुळे शेवटची तालीम बबूनवर झाली. पहिल्या फेरीत अगदी थोड्याच माद्यांना शस्त्रक्रियेनंतर पाळी नियमित आली. पद्धत सुधारल्यावर दुसऱ्या फेरीत हे प्रमाण निम्म्याहून वर गेले. २०१२ साली जपानमध्ये एका माकडिणीला, तिचेच गर्भाशय काढून परत बसवल्यानंतर, पिल्लू झाल्याचे प्रसिद्ध झाले.

कुत्री, उंदीर, मेंढी, माकड. प्रत्येकाने एकेक पायरी दाखवली. पहिल्या फेरीतल्या बबून माद्यांच्या जागी बायका असत्या तर काय झाले असते, याचा विचार केला की प्राण्यांवरील प्रयोग का झाले ते कळते.

तरीही माझ्या स्नेह्यांचा प्रश्न मिटत नाही, आणि तो मिटू नयेच. १९५९ साली रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन दंडक सांगितले. प्राण्याविना काम भागत असेल तर प्राणी घेऊ नये. घ्यावेच लागले तर कमीत कमी घ्यावेत. आणि त्यांना कमीत कमी यातना होतील असे पाहावे. भारतातही १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्रीय समिती असून तिच्या नियमांबाहेर प्रयोग करता येत नाहीत. मी स्नेह्यांना एवढेच म्हटले, "हे ऋण आहे. ते मान्य केले पाहिजे आणि मिळालेले ज्ञान वाया जाऊ देता कामा नये." त्यांनी मान हलवली. पटले की नाही, ते सांगितले नाही.

स्वीडन आणि मग पुणे

२०१२-१३ मध्ये गोथेनबर्गला नऊ स्त्रियांवर गर्भाशय-रोपण झाले. दाता बहुतेक जवळचे नातेवाईक, विशेषतः आई. दोघींचे गर्भाशय काही महिन्यांतच काढावे लागले, एकीचे गुठळीमुळे व दुसरीचे जंतुसंसर्गामुळे. सात टिकले. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांतल्या एकीला मुलगा झाला. जगातील हे अशा प्रकारचे पहिले बाळ. आईचे वय ३६, दाती ६१ वर्षांची मैत्रीण. बाळाचे वजन १७७५ ग्रॅम होते. रक्तदाब वाढल्याने सिझेरियन लवकर करावे लागले होते.

आपल्या महाराष्ट्राचे नाव यात जोडले गेले ते मे २०१७ मध्ये. पुण्याच्या गॅलक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या चमूने १८ व १९ मे रोजी लागोपाठ दोन गर्भाशय-रोपणे केली. भारतातील ही पहिलीच. दोन्ही वेळा दाती आई आणि घेणारी तिची लेक. स्वीडनमधील सुरुवातीच्या शस्त्रक्रियांत दातीच्या पोटावर मोठा छेद घ्यावा लागे आणि तिला दहा तासांहून अधिक काळ टेबलावर राहावे लागे. पुण्याच्या चमूने गर्भाशय सोडवण्याचे नाजूक काम दुर्बिणीतून केले, त्यामुळे दातीचा हा त्रास बराच कमी झाला.

१८ ऑक्टोबर २०१८ रोजी या रुग्णालयात गर्भाशय-रोपणानंतरचे भारतातील पहिले बाळ जन्माला आले. मुलगी, वजन १४५० ग्रॅम, सिझेरियनने. बाळाची आई गुजरातची. तिचे स्वतःचे गर्भाशय होते, पण आधीच्या गर्भपातांनंतर त्याचे अस्तर चिकटून निकामी झाले होते. तिला तिच्या आईचे गर्भाशय मिळाले. म्हणजे ज्या गर्भाशयात ती स्वतः वाढली, त्याच गर्भाशयात तिची मुलगी वाढली. आजपर्यंत जगभरात अशा शंभराहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आहेत. २०१७ च्या डिसेंबरात ब्राझीलमध्ये मृत दातीच्या गर्भाशयातूनही बाळ जन्मले.

प्रत्यक्षात काय करावे लागते?

"माही काढा अन् इले बसवा" हे म्हणायला एक वाक्य आहे. प्रत्यक्षात पायऱ्या अशा आहेत.

आधी पती-पत्नीची बीजे घेऊन टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भ तयार करून गोठवून ठेवतात. कारण रोपणात फक्त गर्भाशय देतात, गर्भनलिका जोडत नाहीत. त्यामुळे नैसर्गिक रीतीने गर्भ राहत नाही. ज्या जोडप्याची बीजेच तयार होत नाहीत त्यांना या शस्त्रक्रियेचा उपयोग नाही.

मग आईची तपासणी. रक्तगट जुळतो का, गर्भाशयात गाठी आहेत का, रक्तवाहिन्या चांगल्या आहेत का, मधुमेह-रक्तदाब आहे का, हे सारे पाहतात. शस्त्रक्रियेत गर्भाशयाबरोबर त्याच्या रक्तवाहिन्याही लांबपर्यंत सोडवून घ्याव्या लागतात. मूत्रनलिका त्यांना अगदी खेटून जाते आणि तिला इजा होण्याचा धोका असतो. साध्या 'पिशवी काढण्या'पेक्षा ही शस्त्रक्रिया कितीतरी अवघड आहे.

लेकीला गर्भाशय बसवल्यावर शरीराने ते नाकारू नये म्हणून रोज औषधे घ्यावी लागतात. त्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. गर्भाशयमुखाचा बारीक तुकडा वेळोवेळी काढून तपासतात. सारे ठीक राहिले तर काही महिन्यांनी ते वर्षभराने गोठवलेला गर्भ आत सोडतात. तो पहिल्याच वेळी राहील असे नाही. नव्या गर्भाशयाच्या नसा जोडलेल्या नसल्याने कळा जाणवत नाहीत. बाळंतपण सिझेरियननेच करतात. एक किंवा दोन मुले झाली की ते गर्भाशय काढून टाकतात, म्हणजे औषधे बंद करता येतात. मूत्रपिंड मरेपर्यंत जपायचे असते, हे गर्भाशय मात्र काही वर्षांसाठी उसने घेतलेले असते.

म्हणजे आईवर एक मोठी शस्त्रक्रिया आणि लेकीवर निदान तीन. खर्च काही लाखांत जातो. पुण्या-मुंबईला वर्षानुवर्षे खेपा घालाव्या लागतात. कायद्याची बाजूही आहे. अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यात आई ही जवळची नातेवाईक असल्याने ती देऊ शकते, पण मान्यताप्राप्त रुग्णालयातच आणि लेखी परवानगीने. पैसे घेऊन अवयव देणे वा घेणे गुन्हा आहे.

आता आपल्या घरातले

वाचकहो, एक गर्भाशय दुसरीच्या शरीरात बसवून त्यात बाळ वाढवायला जगाला १९६६ पासून २०१४ पर्यंतचा काळ लागला. आणि आपल्याकडे काय चालते? तिशीतल्या बाईच्या अंगावरून पांढरे जाते म्हणून पिशवी काढली जाते. पाळीत पोट दुखते म्हणून काढली जाते. "दोन लेकरं झाली, आता ठेवून काय करायची?" असे बाईच म्हणते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. त्यांत तरुण बायाही होत्या. पाळीमुळे मजुरी बुडते म्हणून काहींनी काढून घेतले. पांढरे जाण्यावर, जंतुसंसर्गावर बहुतेक वेळा गोळ्यांनी गुण येतो. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

दुसरे, अस्तर चिकटण्याबद्दल. गर्भ पाडण्यासाठी किंवा पिशवी साफ करण्यासाठी अशिक्षित हाताकडे जाऊ नका. खरवडताना अस्तर खोलवर निघाले तर आतले पदर चिकटतात आणि पाळी कमी होते किंवा बंद पडते. गर्भाशयाच्या क्षयरोगातही हेच होते, आणि आपल्या भागात हे कारण विसरता येत नाही. खोकला नसतानाही हा क्षय असू शकतो. पाळी दिवसेंदिवस कमी होत गेली, बारीक ताप राहिला, वजन घटले तर तपासून घ्या. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. वेळेवर घेतली तर गर्भाशय वाचण्याची आशा असते.

तिसरे, मूल होत नाही म्हटले की सगळे बोट बाईकडे वळते. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही दोष असतो, कधी एकट्याचा तर कधी दोघांचा मिळून. पुरुषाची वीर्यतपासणी स्वस्त आहे, तिला सुई टोचावी लागत नाही. ती आधी करावी. बाईच्या तपासण्या नंतर.

चौथे, सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही तर मुलीला डॉक्टरकडे न्या. काढ्याची वाट पाहू नका आणि लग्न हा त्यावरचा उपाय समजू नका. आधी कळले असते तर त्या मुलीला आणि तिच्या नवऱ्याला सारे समजून-उमजून निर्णय घेता आला असता.

त्या दोघींचे काय झाले?

सारे सांगून झाल्यावर मी म्हटले, "मावशी, तुमची पिशवी चालेल की नाही हे पुण्याचे डॉक्टर तपासून सांगतील. चिठ्ठी मी देतो. पण त्याआधी जावईबापूंना घेऊन या. हे तिघांनी मिळून ठरवायचं काम आहे."

आईला हे फारसे रुचले नाही. जावई येणार नाही असे तिला वाटत होते. पण तो आला. खुर्चीच्या कडेवर बसून त्याने सगळे ऐकले. मी त्याला दुसरे मार्गही सांगितले. २०२१ च्या सरोगसी कायद्याने पैसे देऊन दुसरीच्या पोटात मूल वाढवणे बंद केले आहे. स्वतःचे मूल असलेली २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली स्त्री आयुष्यात एकदाच, मोबदला न घेता, हे करू शकते आणि त्यासाठी जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाचा दाखला लागतो. दत्तक घ्यायचे असेल तर केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे रीतसर नोंदणी करता येते. आणि मूल नसतानाही संसार होतो, हेही मी सांगितले.

तो बराच वेळ गप्प होता. मग बायकोकडे न पाहता त्याने मला विचारले, "हिच्या जिवाले किती धोका हाय?"

गेल्या वीस वर्षांत अशा जोडप्यांतल्या पुरुषाने हा प्रश्न सर्वांत आधी विचारल्याचे मला फार थोड्या वेळा ऐकायला मिळाले आहे. मी त्याला जे खरे होते तेच सांगितले. शस्त्रक्रिया अजून नवी आहे. चांगल्या हातात जीव सहसा जात नाही, पण गर्भाशय काही जणींचे टिकत नाही आणि टिकले तरी मूल होईलच याची हमी नाही.

त्यांनी अजून काही ठरवलेले नाही. सोयाबीन निघाले की पुण्याला जाऊन तपासून येऊ, असे आई म्हणाली. लेक प्रथमच मान वर करून म्हणाली, "मायले काई व्हनार नसन तरच." दुसऱ्या लग्नाची गोष्ट त्या दिवशी कोणी काढली नाही.

(पुढील आठवड्यात : अंगावरून पांढरे जाणे, केव्हा घाबरावे आणि केव्हा घाबरू नये.)